चढावरचे अकरा मणी

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर आलं, तेव्हा कमळाकरशेठने आपल्या शहापूर-मुरबाड मोटारीसाठी बांबूची एक काठी करून घेतली. तिच्यावर विळ्याने खाच पाडलेली. शहापुराहून टाकी भरून निघालेली गाडी मुरबाडला पोचली की काठी टाकीत घालायची. ती खाचेपर्यंत ओली निघाली पाहिजे. मोटार एक, ड्रायव्हर दोन, दिवसाआड चालवायचे. धाकलूच्या दिवशी काठी खाचेपर्यंत ओली. आमच्या ह्यांच्या दिवशी दोन बोटं खाली.

दोन बोटं कमी म्हणजे काय, ते लोकांनी आपापलं ठरवलं. "राघो किन्हवलीला पेट्रोलचा डबा उतरवतो," असं ह्यांच्याबद्दल बाजारात बोलू लागले. शेवटी शेठने ह्यांना जवळ बोलावून सांगितलं, "सोमवारी मी स्वतः बसतो. काठी खाचेला लागली नाही, तर तिथंच गाडी धाकलूच्या ताब्यात द्यायची."

ह्यांनी कधी कुणाच्या पानातली सुपारी उचलली नाही. पण हे काठीला कोण सांगणार?

माझा सोमवारचा नेम होता. सरळगावच्या अलीकडे ओढ्याकाठी महादेव आहे. उठल्यापासून त्याचं दर्शन होईपर्यंत बोलायचं नाही, माळ ओढायची, असं वर्षभराचं व्रत मी धरलेलं. मोटारीत माझी जागा ड्रायव्हरच्या पाठीच्या फळीमागे. दिवसाआड पाळी असल्यामुळे एका सोमवारी धाकलू असे, पुढच्या सोमवारी हे. डोळे मिटून बसलं की कान उघडे राहतात. चढ संपला की मोटारीचा आवाज हलका होतो आणि धाकलू लगेच गिअर बदलतो. ह्यांच्या सोमवारी चढ संपून जाई, गाडी सपाटीला लागे, तरी इंजिन खालच्याच गिअरात रडत राही. एकदा मी मोजलं. अकरा मणी. नाम घेताना मोजदाद केली म्हणून देवाची क्षमा मागितली आणि दुसऱ्या चढाला पुन्हा मोजलं. पुन्हा अकरा.

घरी आल्यावर पूजा करताना ह्यांच्या पाठीमागे घंटा वाजवून पाहिली. हे वळले नाहीत. माझा आवाज मुळातच हळू. कित्येक महिने ह्यांचं उत्तर येत नसे, तो मी रागच समजत होते.

रात्रीचं जेवण वाढताना समोर बसून म्हटलं, "अवो, चढ संपल्यावर गेर बदलायला तुमाला अकरा मणी उशीर होतो."

"कसलं मणी?"

"गाडी रडते, न् तुमाला ऐकू येत नाय. तिथंच पेट्रोल जातंय."

"मी बहिरा नाय," हे म्हणाले. ताटातला भात संपवला. मग म्हणाले, "कुणाला बोललीस?"

"देवाला."

"तो नाय सांगायचा कुणाला." हात धुऊन आल्यावर हे परत माझ्यासमोर बसले. "सोमवारी मागं बसशील ना? गाडी हलकी झाली की फळीला ढुशी दे. मला पाठीत कळंल."

"देते की."

"पायानं दे. हात वर आला तर शेठ बघंल."

नवऱ्याला पाय लावायचा! रविवारभर मी त्याच विचारात होते. फळीला लावायचा, ह्यांना नाही, अशी मनाची समजूत घातली. पण मनाला खरं काय ते ठाऊक असतं.

सोमवारी शेठ ह्यांच्या शेजारी बसला. धाकलू दाराशी उभा, कधी एकदा गाडी ताब्यात येते याची वाट पाहत. पहिल्या चढाला मी लुगड्याच्या आतून अंगठ्याने फळीला ढुशी दिली. ह्यांनी त्याच क्षणी गिअर बदलला आणि गाडी कशी सुटल्यासारखी झाली. मी मणी पुढे ओढला आणि फळीला हात लावून तो कपाळी नेला. प्रत्येक चढाला असंच, ढुशी आणि नमस्कार.

किन्हवलीची गोजर वांग्यांची पाटी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिच्या नजरेतून काय सुटणार?

"काय गो देवकी, नवऱ्याला लाथा घालतेस?"

मला बोलता येत नव्हतं.

"घाल घाल! माझा मेला असा पाठ करून बसला असता, तर मी बी सोडला नसता. पन वर नमस्कार कशाला गो करतेस?"

माणसं हसली. शेठने मागे वळून पाहिलं. मी लुगडं पावलांवर ओढून घेतलं.

महादेव आला. मी उतरले नाही. पुढे अजून दोन चढ होते. खिडकीतूनच हात जोडले, पण तेवढ्याने दर्शन होत नाही, त्यामुळे मौन तसंच राहिलं.

मुरबाडला शेठने स्वतः काठी घातली. खाचेच्या वर एक बोट ओली निघाली. ह्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. शेठने मात्र काठी खाली ठेवली नाही.

"म्हणजे मी बसलो की पुरतं," तो म्हणाला.

"मालक पंगतीला असला की वाढप्या तूप नाय सांडत, शेठ," धाकलू म्हणाला.

"मग बाकीच्या दिवशी कुठं जातं, राघो?"

हे त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होते. मला असं होईल हे सुचलंच नव्हतं. काठी खाचेला लागली की संपलं, एवढंच आम्ही दोघांनी धरलं होतं. बोलले तर वर्षाचं व्रत मोडणार होतं. मोडू दे, असं ठरवून मी तोंड उघडलं, तेवढ्यात हे बोलले.

"चोरी नाय, शेठ. कान गेलेत माझे. आज गाडी हिच्या पायानं चालली."

कुणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. शेठने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चोर नाहीस, हे बरं झालं," तो म्हणाला. "पण बहिऱ्या माणसाला गाडी कशी देऊ?"

ह्यांनी किल्ली धाकलूच्या तळहातावर ठेवली. त्याने ती अजून मागितलीही नव्हती.

परतीला धाकलू चालवत होता, शेठ त्याच्या शेजारी, आणि हे माझ्यापाशी फळीमागे. इंजिनाला पाणी घालायला गाडी ओढ्यावर थांबली, तेव्हा मी धावत जाऊन दर्शन घेऊन आले. वाचा मोकळी झाली.

पुढच्या चढाला ह्यांनी फळीवर पंजा टेकला. चढाच्या माथ्यावर ह्यांची बोटं जरा उचलली गेली. मी एक मणी ओढला, आणि मग धाकलूने गिअर बदलला. त्याच्या पुढच्या चढालाही तसंच झालं.

मी ह्यांच्या कानाशी तोंड नेलं. "तुमाला कळतंय?"

"फळीची थरथर कमी होते ना."

"मग इतके दिस का नाय कळलं?"

"इतके दिस कानावर भरोसा होता."

शेठने एकदा ह्यांच्या हाताकडे पाहिलं, एकदा धाकलूच्या. पुढचा चढ आला, तेव्हा तो मागे तोंड करून, ह्यांच्या बोटांवर नजर ठेवून बसला होता.