बुआवानच्या घरी गर्दी

पाठीवर बोचकं घेतलेला एक लांबटांग्या माझ्या दारात उभा राहून खोलीचं भाडं निम्म्यावर आणत होता, तेव्हा दोन घरं सोडून माझी थोरली बहीण जीव सोडत होती. मला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, गळ्यातल्या कॅमेऱ्याच्या किमतीत माझ्या सगळ्या खोल्यांवर नवे पत्रे पडले असते, आणि तो मला पटवून देत होता की आपण फार गरीब आहोत. मी कंटाळून हो म्हटलं. त्याच्या हातात किल्ली ठेवते न ठेवते तोच ताईच्या शेजारची म्हातारी धापा टाकत आली. "पेंग, चल," ती म्हणाली. "बुआवान गेली."

गरिबी आम्हीही काढली आहे, पण हौसेने नाही काढली. या बोचकेवाल्यांना मात्र गरिबीची भारी हौस. विमानाने अर्धी पृथ्वी ओलांडून येतात आणि इथे केळेवालीशी एका केळ्यावरून हुज्जत घालतात. दिवस एका वाटीभर नूडल्सवर काढतात आणि अंधार पडला की नदीकाठच्या बारमध्ये पैसे ओततात. लाओस किती स्वस्तात फिरलो हे म्हणे घरी गेल्यावर फुशारकीने सांगतात. आमचं स्वस्त असणं हा यांचा पराक्रम. आमच्या हात्साय गावात आता दर दुसऱ्या घरावर गेस्टहाउसची पाटी आहे. माझ्याही घरावर आहे, त्यामुळे मी हे सगळं तोंडावर हसू ठेवून पाहते.

ताईचं पोट या लोकांच्या कपड्यांवर चालायचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. गावातल्या गेस्टहाउसांचे कपडे तिच्याकडे यायचे आणि ती ते नदीवर नेऊन दगडावर आपटायची. तिचं तोंड माझ्याहून फटकळ. एखादा शर्ट दोन बोटांत लांब धरून ती घाटावर जाहीर करायची की हा प्राणी जन्मल्यापासून पाण्याला लागलेला नाही. पण गाव तिला ओळखायचं ते वेगळ्याच कामासाठी. कुठेही माणूस गेलं की त्या घरी पहिली पोचायची ती बुआवान.

माणूस गेलं की आमच्याकडे तीन संध्याकाळ त्या घराला 'चांगलं घर' म्हणतात. तिथे रडायचं नाही. रडलं की गेलेल्याचा पाय निघत नाही. दिव्यांच्या माळा लावायच्या, गाणी लावायची, पत्ते कुटायचे, प्यायचं, खायचं, चावट गोष्टी सांगायच्या आणि घर माणसांनी भरून टाकायचं. घर रिकामं राहिलं तर त्या माणसाला कुणी नव्हतं असा कायमचा शिक्का बसतो. ताई स्वतःचा सुरा घेऊन जायची, सगळ्यांसाठी खिमा करायची आणि मग पत्त्यांत उघडउघड लबाडी करून घरच्यांना हसवायची. थोंगदीचा नवरा भर पावसाळ्यात गेला, तेव्हा धुण्याचं काम बुडवून ती तिन्ही दिवस थोंगदीला चिकटून होती. सिसवातच्या आईला शेवटची आंघोळ तिनेच घातली.

आता ती थोंगदी मोठ्या हॉटेलची मालकीण आहे आणि सिसवातचा नदीकाठी बार आहे. ताईला आंघोळ घालून झाली, भिक्खू येऊन मंत्र म्हणून गेले, शवपेटी रंगीत कागदांनी सजवून झाली, आणि मी गावात सांगायला निघाले. थोंगदी दारातच भेटली. तिने माझा हात हातात घेतला.

"अगं, मला यायचंच आहे गं. पण वेळ बघ ना कशी. ऐन सीझन, सगळ्या खोल्या भरल्यात. उद्या येते, नक्की. ताई समजून घेईल."

"घेईल की," मी म्हटलं. "तिने आजवर दुसरं काय केलंय?"

तिने मान हलवली आणि माझ्यासोबत डुकराची एक अख्खी मांडी पाठवली. सिसवातने स्वतःच्या जागी बिअरचे क्रेट पाठवले आणि गाण्यांसाठी स्पीकर दिला. कुणी दिव्यांच्या माळा दिल्या, कुणी चटया. प्रत्येकाच्या घरी बोचकेवाले उतरले होते आणि त्यांना कोल्ड्रिंक द्यायला माणूस लागत होतं. दुपार कलेपर्यंत ताईचं अंगण सामानाने भरलं. माणसं आली नाहीत.

संध्याकाळी माळा लावल्या, स्पीकर सुरू केला. चटयांवर आम्ही तिघंच होतो. मी, शेजारची म्हातारी आणि तिचा बहिरा नवरा. म्हाताऱ्याने पत्ते वाटले. तिघांत काय डोंबलाचा डाव होणार? म्हातारी मुद्दाम मोठ्याने हसायची आणि मग दाराकडे बघायची. मला तिच्या हसण्याची चीड आली, गावाची चीड आली, आणि खरं सांगायचं तर ताईचीही आली. आयुष्यभर लोकांची घरं भरत हिंडली. स्वतःच्या घराला तीन माणसं मिळवून गेली.

तेवढ्यात पायऱ्यांशी कुणीतरी चपला काढल्या. सकाळचा तोच लांबटांग्या, मागे आणखी दोघं. दिवे, बिअर, गाणी बघून वर आला होता. त्याने आत डोकावून रंगीत कागदांची पेटी पाहिली, फुलांमधला ताईचा फोटो पाहिला, आणि तोंडभर हसून मला विचारलं की वाढदिवस आहे का आणि आत यायचे पैसे किती.

माझा हात केरसुणीकडे गेला होता. मग माझी नजर त्या रिकाम्या चटयांवर पडली.

"फुकट आहे," मी म्हटलं. "बसा."

फुकट हा शब्द या जमातीत कसा पसरतो ते मी सांगायला नको. त्यांनी फोन काढले आणि बघता बघता गावातली सगळी बोचकी ताईच्या घरात येऊन टेकली. हत्तींच्या चित्रांच्या विजारी, पिंजारलेल्या जटा, उन्हाने सोललेली नाकं. त्यांनी चिकट भाताच्या करंड्या रिकाम्या केल्या. थोंगदीच्या मांडीचा खिमा दिसेनासा झाला. बहिरा म्हातारा त्यांना पत्ते शिकवायला लागला आणि लुबाडायला लागला, आणि ते हरताना खदखदून हसत होते. अजून त्यांच्यातल्या एकालाही आपण कुठे आलोय हे कळलेलं नव्हतं. पण घर भरलं होतं आणि हसू खरं होतं. मी भात वाढत होते आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होते.

एका झिपऱ्या पोरीने फोटोकडे बोट दाखवलं. "ही बाई मला माहितीये. माझे कपडे तिच्याकडे आहेत. उद्या मिळतील का?"

"ती तिथे आहे," मी म्हटलं आणि पेटी दाखवली.

पोरगी पेटीकडे बघत राहिली. समजायला तिला जरा वेळ लागला. मग तिने शेजारच्याच्या कानात सांगितलं, त्याने पुढच्याला, आणि हसणं चटईचटईवर विझत गेलं. कुणीतरी स्पीकर बंद केला. लांबटांग्या उठून उभा राहिला, त्याच्याबरोबर बाकीचेही उठले, आणि ती पोरगी चक्क रडायला लागली. माफ करा, माफ करा, असं सगळे पुटपुटत दाराकडे सरकू लागले. मी दार अडवून उभी राहिले.

"रडायचं नाही इथे," मी तिच्यावर खेकसले. "रडायचं असेल तर नदीवर जा. आणि तुम्ही सगळे खाली बसा. तुमचा कपडान् कपडा धुतलाय तिने. आज जेवायला बोलावलंय, तर अर्ध्यावरून उठून जाता?"

कुणी बोलावलं होतं त्यांना! पण ते बसले. म्हाताऱ्याला काही ऐकू आलं नव्हतं, त्याने शांतपणे नवे पत्ते वाटले. पोरीने बाहीला नाक पुसलं, पत्ते उचलले आणि ओढूनताणून हसली. फार वाईट हसली, पण हसली. मी स्पीकर पुन्हा लावला.

मग सिसवात आला. बार ओस पडल्यावर गिऱ्हाईक शोधत तो बॅटरी घेऊन निघाला होता आणि त्याच्याच गाण्यांच्या आवाजामागे ताईच्या पायऱ्या चढून वर आला होता. त्याच्या मागोमाग थोंगदी आली, मग बाकीचे मालक एकेक करून. सगळे आपापले पाहुणे हुडकत होते. पण चांगल्या घराचा उंबरा ओलांडून आत आलेल्या माणसाला बसल्याखेरीज, खाल्ल्याखेरीज जाता येत नाही. बोचकेवाल्यांनी सरकून जागा केली. थोंगदी माझ्या नजरेला नजर न देता बसली. दोन घोट घेतल्यावर तीच सांगू लागली, की तिच्या नवऱ्याच्या वेळी ताईने हुकमाचं पान चोळीत लपवलं होतं आणि ते भिक्खूंसमोर खाली पडलं. मालक खो खो हसले. न समजता बोचकेवालेही हसले. घरात जागा उरली नाही, माणसं पायऱ्यांवर बसली.

उठायची वेळ झाली तेव्हा लांबटांग्या माझ्यापाशी आला. जेवणाचे काही द्यायचे का, असं त्याने हळूच विचारलं. मी नको म्हटलं. थोंगदी त्याच्याच मागे उभी होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं झालं हो, छान झालं सगळं," ती म्हणाली. "उद्याचं बघते, जमलं तर."

ती पायऱ्या उतरून गेली. बाकीचे मालकही आपापल्या पाहुण्यांना गोळा करत निघाले. अजून दोन संध्याकाळी उरल्या होत्या. बोचकेवाले आले तर गाव येणार होतं, नाहीतर पुन्हा तो बहिरा म्हातारा आणि त्याची बायको. मी भराभर पायऱ्या उतरले. अंधारात चपला चाचपत असलेल्या त्या फाटक्या, कळकट, हौशी भिकाऱ्यांसमोर उभी राहिले आणि भिक्खूंपुढे जोडतात तसे कपाळापर्यंत हात जोडले. ते बिचकून मागे सरले.

"उद्याही या," मी म्हटलं. "सगळ्यांना घेऊन या. ताईला गर्दी आवडते."