माथूरमधला खुनी

रशीद काझी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला, तेव्हा आत्माराम एका सदऱ्याला काजं करत बसला होता.

"आत्मारामभाय, उद्या दुपारी तुमचा भाग परत दाखवणार आहेत. पेपरात आलंय."

"कुठला भाग?" सुई न थांबवताच आत्मारामने विचारलं.

"कुठला म्हणजे? माथूरचा. उशीचा."

रशीद कुवेतला नोकरीला होता. सुट्टीवर आला की त्याच्या घरचा रंगीत टीव्ही अख्ख्या आळीचा होऊन जायचा. माणूस मनाने साफ. आनंदाची बातमी आणली अशा समजुतीनेच तो आला होता. आत्मारामने त्याला चहा पाजला. तो गेल्यावर मात्र आत्मारामने सदरा अर्धवटच घडी करून ठेवला.

माथूर म्हणजे दूरदर्शनवरच्या हिंदी मालिकेतला गुप्तहेर. तीन वर्षांपूर्वी ती मालिका लागायची, तेव्हा रत्नागिरीच्या आळ्या ओस पडायच्या. आत्माराम तेव्हा गावच्या मंडळाच्या नाटकांत कामं करायचा. मुंबईहून आलेल्या कुणीतरी त्याला एका स्पर्धेत पाहिलं आणि मालिकेतल्या एका भागासाठी बोलावून घेतलं. काम एका नोकराचं. मालकीण म्हातारी, अंथरुणाला खिळलेली. नोकर दागिन्यांसाठी तिच्या तोंडावर उशी दाबतो आणि शेवटी माथूरच्या हाती लागतो. आत्मारामच्या हिंदीला कोकणी हेल होता, म्हणून त्याची बरीचशी वाक्यं कापली गेली. जे करायचं ते न बोलता करावं लागलं. कदाचित त्यामुळेच ते लोकांच्या मनात रुतून बसलं.

आधी सगळ्यांनी कौतुक केलं. मग पोरं "उशी, उशी" म्हणून ओरडायला लागली. राजापूरच्या एसटीत एक बाई त्याच्या शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसली. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या वर्षी पावसाळ्यात त्याची तुळसाआत्या वारली. दोन वर्षं ती अंथरुणावरच होती. आत्मारामची बायको गंगा तिचं सगळं करायची. आत्या गेली आणि आळीत कोणीतरी हळूच म्हणालं, "उशी कुठली हो, घरातलीच का?" म्हणणारा हसला, ऐकणारेही हसले. पण बोलणं नळावर गेलं, तिथून बाजारात गेलं आणि फिरत फिरत घरी आलं तेव्हा त्यातलं हसू संपलेलं होतं. बायका चोळ्या शिवायला दुसरीकडे जाऊ लागल्या. आत्माराम रंगमंचावर चढायचा बंद झाला. अलीकडे कुठे लोक विसरत चालले होते.

संध्याकाळी घरी गेल्यावर तो गंगाला म्हणाला, "उद्या मी मालगुंडला ताईकडे जातो. परवा येईन."

"माथूर लागणार म्हणून?"

"तुला कोणी सांगितलं?"

"हफीजाने. रशीदभाईची बायको नळावर भेटली होती." गंगा तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मला बघायचाय तो."

"कशाला गो? झालं तेवढं पुरे नाही?"

"मी बघितलेलाच नाही, अहो. तुम्ही सगळे टीव्ही बघायला गेलात तेव्हा मी आत्यांजवळ बसले होते. त्यांना एकटं कसं टाकणार? ज्याच्यापायी एवढं ऐकून घेतलं, ते आहे तरी काय, एकदा बघू दे मला."

मालगुंडला न्यायची पिशवी त्याने परत खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी रशीदची पडवी भरून गेली होती. हफीजाने गंगाला आपल्याजवळ बसवलं. आत्माराम मागे दाराला टेकून उभा राहिला. पुढे रावजी बसला होता. त्याची पलीकडच्या वळणावर पिठाची गिरणी होती.

भाग सुरू झाला. पडद्यावर आत्माराम तरुण दिसत होता. त्याला स्वतःलाच ते पाहवेना. म्हातारी खोकली, नोकर आत आला. उशीकडे हात नेण्याआधी तो क्षणभर वाकला आणि म्हातारीच्या पायांच्या उघड्या पडलेल्या तळव्यांभोवती त्याने पांघरूण नीट खोचलं. मग उशी उचलली.

गंगाने पटकन मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. आत्याचे तळवे कायम गार असायचे. दुकानातून आला की तो आधी तेच करायचा, अगदी तसंच, दोन्ही बाजूंनी गोधडी खोचून.

माथूरने नोकराला पकडलं, नोकर रडला, भाग संपला. रशीदने टाळ्या वाजवल्या. रावजी वळून म्हणाला, "आत्मा, पुढल्या वेळी जरा मोठी उशी घे रे, बाबा!" दोघेतिघे हसले. आत्माराम नेहमीसारखाच ओठ ताणून हसला आणि चपला शोधू लागला.

"रावजी भावजी," गंगा म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. "आत्या गेल्या तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. सकाळची वेळ होती. हे दुकानात होते. आत्यांनी पाणी मागितलं, मी चमच्याने दिलं. दोन चमचे प्यायल्या आणि मान कलली. यांना बोलवायला मीच माणूस पाठवला. हे मला कोणी विचारलंच नाही, म्हणून मी कधी सांगितलं नाही."

"अहो वहिनी, मी आपलं गमतीनं..."

"गमतीनंच. पण त्या गमतीला तीन वर्षं झाली हो."

रावजीने गळ्यातल्या पंच्याने तोंड पुसलं. हफीजा उठून आत चहा ठेवायला गेली. जाता जाता तिने गंगाच्या खांद्यावर हात ठेवला.

परत येताना दोघं सावलीच्या कडेकडेने चालली. उन्हाने वाटेवरचा जांभा दगड तापला होता. बावीच्या रहाटाजवळ आल्यावर गंगा म्हणाली, "ते पांघरुणाचं तुम्हाला त्या मालिकावाल्यांनी शिकवलं होतं?"

"नाही. हातच गेला. दिग्दर्शक म्हणाला, राहू दे."

"चांगलं काम केलंत."

त्याने मान हलवली. हे कोणाकडून ऐकायचं होतं, ते त्याला आत्ता कळलं, पण तीन वर्षांपूर्वी झाला असता तसा आनंद होईना.

पुढचे आठ-दहा दिवस पोरांनी पुन्हा "उशी" चालवलं. मग तेही थांबलं. रावजी स्वतः दुकानात आला नाही, पण त्याच्या सुनेने दोन चोळ्या शिवायला पाठवल्या. भाद्रपद जवळ आल्यावर मंडळाची माणसं आली. यंदाच्या नाटकात सासऱ्याचं काम होतं, म्हणाली, तुझ्याशिवाय कोण करणार? आत्मारामने नाही म्हटलं.

ती गेल्यावर गंगा म्हणाली, "जायचं नसेल तर नका जाऊ. पण लोकांच्या बोलण्यामुळे मागे नका राहू."

"त्यामुळे नाही गो," तो म्हणाला. "आता दमलोय."

ते खरं होतं आणि तिला ते पटलं. तिने त्याच्यापुढे पेजेचा वाडगा ठेवला, आणि आपलाही घेऊन ती शेजारी टेकली.