बटाट्याला शिवलेला झगा

मी एक जुना मखमली झगा आहे. एके काळी माझा रंग गडद जांभळा होता. आता त्याला नेमके काय म्हणावे, हे मलाही सांगता येत नाही. माझ्या काठाला जर आहे, गळ्याशी लोकरीची पट्टी आहे आणि पुढच्या बाजूला दोन आखूड बाह्या आहेत. त्या माणसाच्या हातांसाठी नाहीत हे तुमच्या लगेच लक्षात येईल. मित्रांनो, मी राजासाठी जन्मलो आणि कुत्र्याच्या अंगावर म्हातारा झालो. हसू आले तर खुशाल हसा. माझ्या गोष्टीत पुढे लोक टाळ्याही वाजवणार आहेत, तेव्हा तुमच्या हसण्याचे मला फारसे वाईट वाटणार नाही.

मला मावशीने शिवले. ती तेव्हा एका फिरत्या नाटक कंपनीच्या कपडेपटात कामाला होती. बोटांनी चपळ, जिभेने तिखट आणि कोणाचे उपकार न घेणारी बाई. राजाचे काम करणारा नट धिप्पाड होता, म्हणून माझ्यासाठी कापडही भरपूर लागले. मावशीने माझ्या पाठीला हूक लावले आणि मी रंगमंचावर गेलो. थोड्याच दिवसांत ऐन प्रयोगात ते हूक तुटले, मी खांद्यांवरून घसरलो आणि महाराज भर दरबारात गंजीफ्राकावर उभे राहिले. लोक पोट धरून हसले. प्रयोग संपल्यावर कंपनीच्या मालकाने सगळ्या मंडळींसमोर मावशीची खरडपट्टी काढली. ती बोलणी तिच्या मनात कायमची घर करून बसली.

तेव्हापासून मावशीने हुकांचे आणि बटणांचे नाव टाकले. नट अंगात कपडे चढवून उभा राहिला की ती मेण लावलेला दुहेरी दोरा घेई आणि मानेपासून कमरेपर्यंत पाठ शिवून टाकी. काम संपले की गळ्यातल्या फितीला अडकवलेल्या छोट्या कात्रीने टाके कापून त्याला मोकळे करी. कात्री तिच्या गळ्यात सदैव असे.

"मावशी, आत आग लागली तर मी काय करू?" राजाने एकदा तिला चिडवले.

"जळून जा. पण झगा घसरणार नाही," ती म्हणाली आणि मग हसून कात्री दाखवली. "मी आहे ना."

ती खरोखरच असे. शेवटच्या अंकात राजाला विष देत. आधी तो डगमगे, मग त्याचे गुडघे टेकत, मग तो कुशीवर पडे, तीन मोठे श्वास घेई आणि निश्चल होई. माझी मखमल त्याच्याभोवती पसरे. लोक रडत आणि मग टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेत. पडदा पडला की राजा उठून चहा मागे. मावशी विंगेत कात्री उघडून तयारच असे. मी मरणाची गोष्ट तिथे शिकलो, आणि म्हणून मला वाटे की मेलेला माणूस उठून चहा मागतो.

पुढे कंपनी बुडाली. राजा कुठे गेला, माहीत नाही. मावशी मला ट्रंकेत घालून थोरल्या बहिणीकडे राहायला आली. मागच्या अंगणाला लागून असलेली खोली तिला मिळाली. तिथे शिलाई मशीन, खाट आणि मी, एवढाच तिचा संसार. बहीण मायाळू होती. भावोजी वाईट नव्हते, पण जेवताना ते मावशीला "अजून घ्या, घ्या," असे म्हणत की पुढचा घास तिच्या घशाखाली उतरत नसे. मी ट्रंकेतून हे सगळे ऐकत पडून राही. मला वास लागला, घड्यांवर मखमल झिजली. मला कोणी विचारत नव्हते आणि तिलाही नाही.

त्या घरात बहिणीची मुलगी होती आणि मुलीचा कुत्रा होता. तपकिरी, वाटोळा, आखूड पायांचा. त्याला बघून ज्याने कोणी बटाट्या हे नाव ठेवले, त्याने फार डोके चालवले नसावे. मुलगी शाळेतून आली की तो तिच्या पायांत येऊन पडे आणि उठवल्याशिवाय उठत नसे. तिने त्याला पिल्लू असताना बादलीत बसवून घरी आणले होते. त्याला जगात तिच्याशिवाय कोणाचेच काही पटत नसे.

त्या गावात दरवर्षी कलामेळा भरे. वाचनालयामागच्या मैदानावर चित्रे मांडत, मातीची भांडी मांडत, गाणी होत आणि शेवटी सजवलेल्या कुत्र्यांची एकेक करून मंचावरून मिरवणूक निघे. ज्याचा कुत्रा सगळ्यांत छान सजलेला, त्याला चषक. लोक चित्रे पाहिल्यासारखे करत आणि कुत्र्यांची वाट बघत. एका वर्षी मुलगी मावशीला म्हणाली, "आपण बटाट्याला नेऊ या?" मावशी हातातले काम टाकून उठली. मग तिने ट्रंक उघडली.

मित्रांनो, मला कापले तेव्हा मी मनातल्या मनात आक्रोश केला. राजाची छाती कापून कुत्र्याची पाठ केली, हातभर लांब बाह्या छाटून वीतभर केल्या. त्यात त्या प्राण्याला ओल्या पोत्याचा वास. पण मावशीचे हात कितीतरी वर्षांनी पुन्हा पूर्वीसारखे चालत होते, हेही मला दिसत होते. मेळ्याच्या दिवशी तिने नेहमीच्या पद्धतीने मला बटाट्याच्या पाठीवर शिवून टाकले. मुलीने त्याचे तोंड आपल्या ओंजळीत धरले होते. सुई पाठीवरून फिरत असताना तो जरासुद्धा हलला नाही. तिने धरले आहे ना, मग ठीकच असेल, एवढेच त्याला कळत होते.

चषक आम्हाला मिळाला. त्या संध्याकाळी भावोजींनी मावशीला "अजून घ्या" म्हटले नाही. त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून तिची ओळख करून दिली. "आमच्या मेहुणीबाई. पूर्वी नाटकाचे कपडे करायच्या." दारात कपडे शिवायला देणाऱ्यांची रीघ लागली. पुढच्या वर्षीही चषक आला, त्याच्या पुढच्या वर्षीही. माझे फोटो निघाले. मुलांनी माझ्या जरीवरून हात फिरवले. म्हातारपणी एवढे कौतुक वाट्याला आल्यावर कोणाचे डोके ठिकाणावर राहील? माझे नव्हते. मावशीचेही नव्हते.

बटाट्या मात्र थकत चालला होता. तो लठ्ठ झाला होता, जिना चढताना मधेच बसे. मिरवणूक झाली की तो जीभ बाहेर टाकून कितीतरी वेळ धापा टाकत राही. मुलगी म्हणायची, "मावशी, त्याला आत गुदमरतं गं." मावशी म्हणायची, "कलाकाराला घाम येतोच." तिने आयुष्यभर माणसांना कपडे चढवले होते. माणूस घामाने भिजतो आणि काम संपेपर्यंत तोंड मिटून उभा राहतो, हे तिला पाठ होते. कुत्र्याला तसा घाम येत नाही, तो जिभेनेच थंड होतो, हे तिच्या गावीही नव्हते. तिने कोणाला विचारलेही नाही.

मग गेल्या वर्षी गावातल्या बेकरीवाल्या बाई इरेला पेटल्या. त्यांनी आपल्या कुत्र्याला आगगाडीचे इंजिन करायचे ठरवले आहे, त्यातून धूरही निघणार आहे, अशी बातमी आली. मावशीची झोप उडाली. चषक गेला तर पुन्हा ते "अजून घ्या" सुरू होईल, असे ती मशीनवर बसून स्वतःशीच म्हणाली. मी ते ऐकले. तिने माझ्या आत कापसाचा थर भरला, म्हणजे राजा भारदस्त दिसावा. आणि तिने एक दाढी केली. काळ्या लोकरीची, जबड्याखालून घट्ट जाणारी, दोन्ही बाजूंनी माझ्या गळ्याला शिवायची. त्यामुळे बटाट्याचे तोंड मिटलेले राही.

"राजा जीभ बाहेर काढून फिरत नाही," मावशी म्हणाली.

मेळ्याच्या दिवशी ऊन रणरणत होते. मावशीने त्या वर्षी स्वतःसाठीही नवे कपडे शिवले होते, कारण चषक घ्यायला ती स्वतः मंचावर जाणार होती. घरीच बटाट्याला शिवून झाल्यावर तिने आरशात पाहिले. गळ्यातली मळकी फीत नव्या कपड्यांवर शोभेना. तिने ती काढली आणि कात्रीसकट मशीनवर ठेवली. मी ती तिथे पडलेली पाहिली. झग्याला डोळे असतात, तोंड नसते.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. सगळे कुत्रे मंचामागे उन्हात ताटकळत उभे. इंजिन झालेला कुत्रा जीभ लोंबकळत टाकून मजेत बसला होता. बटाट्याचे तोंड मिटलेले होते. माझ्या आतला कापूस तापला. त्याचे काळीज माझ्या अस्तरावर आधी जोरात आपटत होते, मग वेडेवाकडे आपटू लागले. मुलीने त्याच्या नाकाशी पाण्याचा हात नेला. त्याला जीभ बाहेर काढता आली नाही. त्याने फक्त तिच्याकडे पाहिले.

"मावशी, कात्री दे."

मावशीचा हात गळ्याकडे गेला आणि रिकामाच खाली आला.

"मग फाड ना. निदान दाढी तरी फाड."

"फाडायला शिवलंय का?" मावशी म्हणाली. "आता आपलाच नंबर आहे. एवढं झालं की घरी नेऊन सोडते त्याला."

ती दुष्ट नव्हती, मित्रांनो. पण पडद्यापलीकडे लोक होते, आणि लोकांसमोर माझी शिवण उसवलेली दिसणे तिला कुत्र्याच्या जिवापेक्षा जड वाटले. मुलगी दप्तरातली कागद कापायची कात्री काढून टाक्यांशी झटू लागली. त्या कात्रीची टोके बोथट होती. मेणाचा दुहेरी दोरा तिला दाद देईना. तेवढ्यात निवेदकाने नाव पुकारले आणि मावशीने साखळी तिच्या हातातून घेतली.

बटाट्या मंचाच्या मध्यापर्यंत चालत गेला. आधी तो डगमगला. मग त्याचे पुढचे गुडघे टेकले. मग तो कुशीवर पडला आणि माझी मखमल त्याच्याभोवती पसरली. त्याने तीन मोठे श्वास घेतले. मी ते मोजले नाहीत, ते मला पाठ होते.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा! राजाचा मृत्यू!" निवेदक माइकवर म्हणाला. "काय शिकवलंय कुत्र्याला!"

परीक्षक एक मोठे शिल्पकार होते. त्यांनी रुमालाने डोळे पुसले. मावशीने खाली पाहिले. तिने हा प्रवेश शेकडो वेळा विंगेतून पाहिला होता. इतरांना कळले नसेल, तिला कळले. मीही तिच्या चेहऱ्यावर ते पाहिले. आणि टाळ्या थांबेनात, तेव्हा मावशीने कमरेत वाकून लोकांना अभिवादन केले.

मुलगी धावत मंचावर आली, बटाट्याशेजारी आडवी पडली आणि दातांनी दाढीचा टाका तोडू लागली. पुढच्या रांगेतली एक बाई कौतुकाने म्हणाली, "पोरगी पण काय अभिनय करते!" टाका तुटला. जबडा सुटला, जीभ बाहेर आली आणि फळीवर पडून राहिली. तो उठला नाही. मी शेवटपर्यंत वाट पाहिली.

पहिला क्रमांक आम्हालाच मिळाला.

भावोजींनी अंगणात खड्डा खणला. बटाट्याला माझ्यासकट पुरावे असे मुलीची आई म्हणाली, पण मावशी ऐकेना. तिने मशीनवरची कात्री आणली आणि पाठीचा एक एक टाका हळूच कापून मला सोडवून घेतले. माझ्या कापडाला ओरखडाही येऊ दिला नाही. मग तिने मला गार पाण्यात धुतले, सावलीत वाळवले, दातांनी फाटलेल्या जागी बारीक रफू केले आणि डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवले. धुताना ती खूप रडली. पण तिचे हात मात्र काम करतच होते.

एवढी निगा माझी आयुष्यात कधी राखली गेली नव्हती. चषक बैठकीच्या खोलीत आहे. मुलगी मावशीशी बोलत नाही. जेवताना ती ताट घेऊन अंगणात जाऊन बसते.

मागच्या महिन्यात मुलीच्या बाबांनी तिची समजूत काढायला एक पिल्लू आणले. ती त्याला हात लावेना. पण रात्र झाली तसे ते तिच्या पायांत येऊन पडले आणि शेवटी तिने त्याला उचलून घेतले. सकाळी पिल्लू उन्हाच्या कवडशात झोपले असताना मावशी हलक्या पावलांनी आली, गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याच्या पाठीला टेप लावली.

"अजून वाढेल," ती पुटपुटली. "शिवणीत कापड ठेवायला हवं."

मुलगी दारातून बघत होती. दुपारी मावशी बाजारात गेली तेव्हा मुलीने ट्रंक उघडली, माझ्या घड्यांतून सगळ्या डांबरगोळ्या वेचून काढल्या आणि परसातल्या नळाखालच्या गटारात सोडून दिल्या. मग झाकण बंद केल्यासारखे दिसेल, पण बंद होणार नाही, असे फटीत लाकडाची कपची अडकवून टेकवले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात की आम्हाला जपा, आमची काळजी घ्या. मी हात जोडून सांगतो, माझी काळजी घेऊ नका. मला ऊन दाखवू नका, झटकू नका, माझ्या घड्या मोडू नका. गळ्याच्या लोकरीत आजच कसर शिरली आहे. तिची पोरेबाळे होतील, ती पाठीच्या शिवणीपर्यंत पोहोचतील. पिल्लू फार भराभर वाढते आहे. एवढीच मला भीती आहे.