मोमेना खालाची वायर

बांगलादेशातल्या मादारीपूरच्या त्या मोहल्ल्यात सकाळपासून अर्ध्या घरांचं इंटरनेट बंद होतं, आणि उरलेली अर्धी घरं आता आपली पाळी म्हणून आधीच शिव्या देत होती. लाइनमन तौहीद खांबाला शिडी लावून उभा होता. दुकानात संगणकापुढे बसलेला त्याचा मालक हायदर फोनवरून त्याच्यावर ओरडत होता, "अरे, नेटचे पत्ते कोण वाटतंय? आपण, की दुसरंच कुणी?"

प्रश्न बरोबर होता. प्रत्येक घराला नेटसाठी लागणारा पत्ता हायदरच्या दुकानातून मिळायचा. आज मात्र कुणाच्या तरी घरचा राऊटर मालक होऊन बसला होता आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपल्या मनाचे पत्ते वाटत सुटला होता. असला पत्ता घेतलेलं घर कुठेच पोचत नाही. हे होतं एका क्षुल्लक चुकीने. बाहेरून आलेली वायर राऊटरच्या निळ्या खोबणीत लावायची, ती कुणीतरी पिवळ्या खोबणीत कोंबतं.

"एकेक वायर काढत जा," हायदर म्हणाला.

"आता?"

"नाही."

"आता बघा, भाई."

"नाही रे गाढवा... थांब, थांब! आले सगळे जागेवर. कुणाची वायर ती?"

वायर कुठल्या घरात जाते ते तौहीदने पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. "मोमेना खालाची," तो म्हणाला.

मोमेना खालाचा एकुलता एक मुलगा रिपन लिबियामार्गे इटलीला निघाला होता. समुद्रात नाव उलटली. त्या नावेतून वाचलेल्या सोहागने खालाला फोन करून सांगितलं, रिपन माझ्या डोळ्यांदेखत बुडाला. खालाने त्याला खोटारडा म्हणून फोन आपटला. त्यानंतर तिच्यापुढे हा विषय काढायची कुणाची छाती झाली नाही. तौहीद तर रिपनबरोबर शाळेत होता, पण तोही तिचं दार टाळायला लागला होता.

आज टाळता येईना. खाला उंबऱ्यातच उभी होती.

"मीच काढून लावल्या वायरी," ती म्हणाली. "रिपनचा नेटवरून येणारा फोन येत नाही. म्हणजे लाइनच बिघडलीय ना, बाबा?"

तिने हात लावेपर्यंत लाइन ठणठणीत होती. तौहीदने हे सांगितलं नाही. त्याने वायर निळ्या खोबणीत बसवली, खांबावरचं टोक जोडलं आणि परत येऊन म्हणाला, "झालं, खाला. चालू झालं."

"नक्की चालू आहे? आता फोन लागेल?"

"नक्की चालू आहे," एवढंच तो म्हणाला. खाला फोन मांडीवर घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हायदरचा पारा चढला. "दुसरा कंपनीवाला माझी गिऱ्हाइकं पळवायला टपून बसलाय आणि ही बाई खेळ करतेय? मिटव ते कायमचं!"

तौहीद या वेळी खांबाकडे गेलाच नाही. सरळ खालाच्या घरात शिरला. फोन तिच्या मांडीवर तसाच होता. शेजारी ताटातला भात वाळून कडक झाला होता. वायर पिवळ्या खोबणीत होती.

"खाला, काल मी नीट लावून गेलो होतो."

ती त्याच्याकडे बघेना. "रात्रभर चालू होतं," ती म्हणाली. "हिरवा दिवा लागलेला होता. फोन आला नाही." मग म्हणाली, "बिघडलेलंच बरं होतं, बाबा."

 तौहीद बाहेर पडला, शिडीवर चढला, तिची वायर उपसली आणि तशीच लोंबत सोडली. मोहल्ल्यातले पत्ते जागेवर आले. तो परत खालाकडे गेला.

"खाला, खांबावरचं मशीन जळलंय. नवीन ढाक्याहून यायचंय. बरेच दिवस लागतील."

"तोवर रिपनचा फोन लागायचाच नाही?"

"कसा लागेल?"

खालाने फोन बाजूला ठेवला आणि ताट पुढ्यात ओढलं.

"मग घाई करू नकोस," ती म्हणाली, आणि तो कडक भात खायला लागली.