लाम काकांच्या दारावरची पाटी

डेट्रॉइटमधल्या लाम काकांच्या खानावळीत दुपारी वाफ अशी दाटायची, की समोर बसलंय ते गिऱ्हाईक की स्वप्न, तेच कळायचं नाही. त्या वाफेतून बाहेर येऊन काकांनी एक दिवस दारावर पाटी ठोकली: 'आम्ही चिनी आहोत. जपानी नाही.'

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. मोटारींचे कारखाने बंद पडत होते, लोक भर रस्त्यात जपानी गाड्या फोडत होते. गेल्या वर्षी गॉर्डन मोय, याच खानावळीत लहानाचा मोठा झालेला पोरगा, दोन गोऱ्यांच्या हाती सापडला. 'जपान्या, तुझ्यामुळे आमच्या नोकऱ्या गेल्या' म्हणत त्यांनी त्याला बॅटनं मारून टाकलं. गॉर्डन चिनी होता. आणि काल कोर्टानं मारेकऱ्यांना दंड लावून घरी सोडलं!

शेजारच्या जपानी फुलवाल्या तोकुनागाबाई नेहमीसारख्या सूप प्यायला आल्या. पाटी वाचून उंबऱ्यातच थांबल्या.

"लाम, पुढून येऊ का मागच्या दारानं?"

काका ओशाळले. तुमच्यासाठी नाही हो, असं काहीतरी पुटपुटले. बाईंनी शांतपणे सांगितलं, की अमेरिका जपानशी महायुद्धात लढत होती, तेव्हा त्या इथेच शाळकरी होत्या. त्यांच्या गल्लीतला चिनी भाजीवाला छातीवर असाच 'मी चिनी आहे' असा बिल्ला लावायचा. त्याला कुणी हात लावला नाही. बाईंचं अख्खं घर मात्र जपानी म्हणून सरकारनं छावणीत, तारेच्या कुंपणाआड डांबलं.

"त्याच्यावर राग नाही रे माझा. पण झोडायचं कुणाला नाही, हे तुझी पाटी सांगते. मग कुणाला, तेही तीच सांगते. पुढचं दुकान माझं आहे. आणि गॉर्डननं सांगितलं नसेल का, मी चिनी आहे म्हणून?"

वाफ हलली. कोपऱ्यात गॉर्डन बसला होता, काका शंभरदा रागावूनही जेवणाच्या काड्यांनी वाटी वाजवत. "काका, पाटी झकास. अक्षर तेवढं कोंबडीचं."

काकांना हसू फुटलं. वाफ विरली. खुर्ची रिकामी होती.

त्यांनी पाटी उपटली आणि मागे लिहिलं: 'आज सूप नाही. मोर्चाला गेलोय.'

कोर्टासमोर एरवी सहसा एकमेकांच्या खानावळीत पाऊल न टाकणारे चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो खांद्याला खांदा लावून उभे होते. पुढे गॉर्डनची आई. बाईंनी सगळ्यांना पांढरी फुलं वाटली.

"बाई, उद्याचं सूप माझ्याकडून."

"मीठ घाल म्हणजे झालं."

मंडळी, 'मी त्यांच्यातला नाही' म्हटल्यानं आपण सुटत नाही, मारणाऱ्याला फक्त शेजाऱ्याचं दार दाखवतो. आपल्या दारावर अशी एखादी पाटी असेल, तर आजच उपटू या. मागची बाजू कोरीच असते.