टाचणी उचलली नाही तेव्हा

मी एक जुना लोहचुंबक आहे, घोड्याच्या नालेसारखा वाकवलेला. मित्रांनो, माझ्यामुळे एका तान्ह्या बाळाला इजा होता होता राहिली. त्या दिवसाचा धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

कारखान्यात पोलादाच्या कांबीतून मला घडवलं. पोलादाच्या पोटात चुंबकत्वाचे अगदी बारीक बारीक गट असतात. एरवी ते बाजारातल्या गर्दीसारखे वाटेल तिकडे तोंड करून असतात. माझ्यातल्या गटांना एका दिशेला वळवलं, तेव्हा मला उत्तर आणि दक्षिण असे दोन ध्रुव मिळाले आणि ओढ आली. पितळेचं मला सोयरसुतक नाही. पण लोखंड-पोलाद जवळ आलं, की मध्ये कापड असलं तरी मी खेचणारच.

दोन जावांच्या शिवणघरात माझं आयुष्य गेलं. थोरलीचा एक नेम होता. मला फिरवल्याशिवाय शिवलेला कपडा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. सुई तुटली तर तुकडे कागदावर जुळवायचे आणि उणा तुकडा माझ्याकडून शोधून घ्यायचा. "सांगितलेलं काम निमूट करणारा या घरातला हा एकटाच," असं ती माझं कौतुक करी.

धाकटीला स्वच्छतेचं वेड. हिच्या हाती फडकं दिलं तर भिंतीचा रंगही पुसून काढील, असं थोरली म्हणे. माझ्या अंगावर तेलाचा नि धाग्यांचा थर चढला होता. एका सकाळी तिने मला शेगडीच्या निखाऱ्यांत ठेवलं. मी लालबुंद झालो. निवल्यावर तिने मला घासूनपुसून खिळ्याला टांगलं. मी मनातून सुखावलो होतो.

त्याच दुपारी पोस्टमनच्या नव्या बाळाचं दुपटं शिवताना सुई तुटली. टोक सापडेना. थोरलीने मला दुपट्यावरून तीनदा फिरवलं. काहीच लागलं नाही. टोक जमिनीवर उडालं असेल, असं ती म्हणाली. बाळ-बाळंतीण घरी यायची वेळ झालेली, म्हणून पोस्टमन दुपटं घेऊन घाईने गेला.

थोड्या वेळाने धाकटीचा धक्का लागून टाचण्यांची डबी सांडली. थोरलीने मला टाचण्यांवर धरलं. एकही टाचणी हलली नाही.

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. "काय केलंस गं याला?"

"मळ निघेना, ताई. निखाऱ्यात भाजून काढला." त्या आचेने माझ्यातले गट पुन्हा वाटेल तिकडे वळले होते आणि ओढ गेली होती.

मला मुठीत धरून थोरली अनवाणी धावली. पोस्टमनच्या घरी दुपटं अंथरलेलं होतं आणि आई बाळाला ठेवायला वाकली होती.

"ठेवू नका त्याला."

तिने दुपटं तळहाताने इंच इंच दाबत चाचपलं. कोपऱ्याच्या शिवणीपाशी हात थांबला. बोटावर रक्ताचा थेंब आला. तिने शिवण उसवून सुईचं टोक बाहेर काढलं. मग थोरलीने झालेलं सगळं आपल्या तोंडाने सांगितलं.

पुढे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने मोठ्या चुंबकाने घासून माझ्यातली ओढ परत आणली. मित्रांनो, आम्हाला तापवू नका, आपटू नका. ठेवताना आमच्या दोन्ही टोकांवर लोखंडी पट्टी आडवी लावा. आणि काम सांगण्याआधी आम्हाला तपासा.

थोरलीचा नेम त्या दिवशीही चुकला नव्हता. रिकामा मी होतो. आता माझ्या खिळ्याशेजारी दोऱ्याला एक टाचणी बांधलेली असते. आधी टाचणी, मग कपडा. ती रोज टाचणी जवळ आणते, तेव्हा मी अजूनही घाबरतो.