नाव पुसलेली काचपट्टी

मी एक जुनी काचपट्टी आहे, बोटभर लांब. कुणाची, ते विचारू नका, मित्रांनो. उत्तर मला ठाऊक आहे, पण मला तोंड नाही.

कारखान्यात आम्ही पन्नास जणी एका डबीत होतो. तेवढी दाटी पुन्हा कधी लाभली नाही.

मग प्रयोगशाळा. तिथे केर काढणाऱ्या मावशींचा उजवा गुडघा दुखू लागला होता. डॉक्टरबाईंनी सुईने त्यातलं पाणी काढलं. पाण्यातला गाळ माझ्यावर पसरला, वाळवला, रंगवला. सूक्ष्मदर्शकात डोकावून त्या म्हणाल्या, "सांध्यातली गादी झिजते ना, मावशी, तिचे हे कपचे. मोजू नंतर, सगळ्यांचे एकदम."

माझ्याकडे कुणी इतकं निरखून पाहिलं, ते तेवढंच.

"स्लाइडवर नाव पेन्सिलीनेच लिहायचं!" असं डॉक्टरबाई सगळ्यांना दटावत. शाई स्पिरिटने जाते. त्या दिवशी मात्र पेन्सिल त्यांच्याच कानावर होती आणि त्या ती टेबलभर शोधत होत्या. शेवटी चार जणांच्या चार काचपट्ट्यांवर त्यांनी पेनानेच नावं लिहिली.

पुढे कुणीतरी आम्हांला स्पिरिटने पुसलं.

नाव गेलं. कपचे राहिले.

मग खाचांचं खोकं. एक वर्ष. अंधार. तीन वर्षं. सहा. शेजारची खाच रिकामी.

परवा उजेड आला. मावशींना आता जिना चढवत नाही. नव्या काचपट्टीवर कपचेच कपचे. झीज भराभर वाढली की पहिल्यापासून इतकीच होती? ऑपरेशन त्यावर ठरणार होतं, आणि उत्तर माझ्या अंगावर होतं. डॉक्टरबाईंनी आम्हां चौघींना उजेडात धरलं.

"मावशी, यातली तुमची कुठली, कळत नाही. आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. वर्षभर थांबा, मग ऑपरेशनचं ठरवू."

"मी थांबते हो. जिना थांबतो का बघा."

"चूक माझीच आहे."

"दिसतंय की. पेन्सिल अजून कानावरच आहे."

दोघी हसल्या. मग कुणीच हसलं नाही.

मी पुन्हा खोक्यात आहे. रोज सकाळी मावशी डाव्या पायावर भार देऊन कपाट पुसतात. फडकं माझ्यावरच्या झाकणावरून फिरतं. गुडघा करकरतो, तो मला ऐकू येतो. त्याचाच चुरा मी सहा वर्षं सांभाळते आहे, हातभर अंतरावर, आणि त्यांना मी माहीत नाही.

मित्रांनो, कुणाचं काही जपायला घेतलंत, तर आधी त्यावर नाव लिहा, न पुसणारं. आणि पेन्सिल सापडली नाही, तर कान चाचपा.